यूरोपीय क्लब अजिंक्यपद हँडबॉल स्पर्धा

यूरोपमधील निरनिराळ्या देशांच्या अजिंक्य क्लबांमध्ये प्रतिवर्षी खेळली जाणारी पुरुषांची आंतरराष्ट्रीय हँडबॉल स्पर्धा. १९५६–५७ च्या हंगामात ती ‘यूरोपीय चषक’ या नावाने सुरू झाली व १९९३–९४ पासून ‘चॅम्पियन्स लीग’ या नावाने भरते. जागतिक अजिंक्यपद किंवा ऑलिंपिक यांतील देशोदेशींच्या सामन्यांइतकाच मान हँडबॉलमध्ये या क्लब-स्पर्धेला आहे. याचे कारण खेळाच्या जडणघडणीत आढळते. यूरोपात हँडबॉल रुजविला आणि जोपासला तो गावोगावच्या व्यायामसंस्थांनी. राष्ट्रीय संघ ही त्यानंतरची गोष्ट होय. त्यामुळे या स्पर्धेचा इतिहास हा बऱ्याच अंशी क्लब या संस्थेच्या उत्कर्षापकर्षाचा इतिहास आहे. आखाडे, व्यायामशाळा आणि क्रीडा मंडळे यांची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला त्यात ओळखीच्या खुणा सापडतील.

हँडबॉल हा प्रत्येकी सात खेळाडूंच्या दोन संघांत ४० मी. लांब व २० मी. रुंद अशा बंदिस्त क्रीडांगणावर खेळला जातो. गोल ३ मी. रुंद व २ मी. उंच असतो. गोलापासून ६ मी. अंतरावर आखलेल्या वक्र रेषेच्या आत केवळ गोलरक्षकालाच उभे राहता येते. मात्र आक्रमक खेळाडू रेषेबाहेरून झेप घेऊन, पाय जमिनीला टेकण्यापूर्वी, चेंडू गोलात फेकू शकतो. या एका तरतुदीमुळे खेळाला त्याचे विशेष सौंदर्य प्राप्त झाले आहे. चेंडू हाती असताना तीनपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत, तसेच तो तीन सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवता येत नाही. सामना प्रत्येकी ३० मिनिटांच्या दोन डावांचा असतो. खेळाचा वेग गेल्या अर्धशतकात किती वाढला, याची कल्पना या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांतील गोलसंख्येवरून येते. १९६८ चा अंतिम सामना १३–११ असा, तर २०२५ चा ३२–२६ असा सुटला.

खेळाचा उगम डेन्मार्कमधील. कोपनहेगनजवळील ऑर्ड्रुप येथील शाळेत शिक्षक असलेल्या होल्गर नील्सन यांनी १९०६ मध्ये त्याचे नियम पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. जर्मनीत १९१७ मध्ये बर्लिनच्या माक्स हायझर यांनी मुलींसाठी असाच एक खेळ नियमबद्ध केला आणि लवकरच कार्ल शेलेंत्स यांनी त्याला पुरुषांच्या खेळाचे जोमदार रूप दिले. जर्मन पद्धतीचा हा खेळ फुटबॉलच्या मोकळ्या मैदानावर अकरा-अकरा खेळाडूंत खेळला जाई. तेथे तो फोफावला, तो एकोणिसाव्या शतकापासून गावोगाव चालत आलेल्या व्यायाम मंडळांच्या आधाराने. या मंडळांत दंड-जोड्यांच्या कसरती चालत, वार्षिक मेळावे भरत, सभासदांची वर्गणी जमे आणि गावातील शिक्षक, सुतार, दुकानदार एकाच पंक्तीत उभे राहत. पुढे यूरोपीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या अनेक जर्मन क्लबांच्या नावांत ही खूण अद्याप टिकून आहे. गुमर्सबाखच्या क्लबाचा जन्म १८६१ चा, म्हणजे हँडबॉलपेक्षा कितीतरी जुना. ग्योपिंगेनच्या क्लबाचे ‘फ्रिश आउफ’ हे नाव म्हणजे व्यायामपटूंनी एकमेकांना करावयाच्या अभिवादनाचे शब्द होत. तर कीलच्या ‘टीएचडब्ल्यू’ या आद्याक्षरांतील पहिले अक्षर व्यायाम मंडळ याच अर्थाच्या जर्मन शब्दाचे आहे.

महाराष्ट्रात याच सुमारास काय घडत होते, हे ताडून पाहण्याजोगे आहे. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे सामने भरविले. १९१४ मध्येच अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. नाशिकची यशवंत व्यायामशाळा आणि मुंबईतील गिरणगावची क्रीडा मंडळे हीदेखील याच कुळातील. अंगणातल्या खेळाला नियमांची चौकट देणारी, सामने भरविणारी आणि नवी पिढी घडविणारी संस्था दोन्हीकडे एकच होती. या दोन प्रवाहांची एकदा प्रत्यक्ष गाठही पडली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने तेथे हुतूतू, मल्लखांब आदी भारतीय प्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच ऑलिंपिकमध्ये अकरा खेळाडूंचा मैदानी हँडबॉल पदकांसाठी प्रथमच, आणि अखेरचाच, खेळला गेला. भर पावसात सु. एक लाख प्रेक्षकांपुढे झालेल्या अंतिम सामन्यात जर्मनीने ऑस्ट्रियाचा १०–६ असा पराभव केला. हुतूतूने परकीयांचे कुतूहल जागविले. हँडबॉल मात्र अमरावतीस यावयास आणखी काही दशके जावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, कोपनहेगन येथे आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघ स्थापन झाला. स्कँडिनेव्हियातील दीर्घ हिवाळ्यामुळे तेथे सात खेळाडूंचा बंदिस्त खेळ पूर्वीपासून रूढ होता. १९५४ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेपासून या प्रकाराने मैदानी हँडबॉलला मागे टाकण्यास प्रारंभ केला आणि १९६६ नंतर मैदानी प्रकाराची जागतिक स्पर्धाच बंद पडली. नेमक्या याच संक्रमणकाळात क्लबांच्या यूरोपीय स्पर्धेची कल्पना पुढे आली. तिचे श्रेय ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडादैनिकास द्यावे लागते. याच दैनिकाच्या पुढाकाराने १९५५ मध्ये फुटबॉलचा यूरोपीय चषक सुरू झाला होता. आठवड्याच्या मध्यावर खपासारखी बातमी हवी, हा त्यामागील व्यावहारिक हेतू लपलेला नव्हता. क्रीडासंघटनांना जे सुचले नाही किंवा धजवले नाही, ते वृत्तपत्राने घडवून आणले.

पहिली स्पर्धा १९५६–५७ मध्ये झाली, तेव्हा ‘क्लब’ या शब्दाचा अर्थही पुरता ठरलेला नव्हता. पॅरिस येथील अंतिम सामन्यात स्वीडनच्या ओरेब्रो क्लबाचा २१–१३ असा पराभव करणारा प्राग संघ हा त्या शहरातील निवडक खेळाडूंचा होता. पुढील हंगामात स्पर्धा भरलीच नाही. १९६०–६१, १९६३–६४ व १९६८–६९ या हंगामांतही ती होऊ शकली नाही. यांपैकी पहिले तीन खंड जागतिक अजिंक्यपदाच्या वर्षांशी जुळतात. ‘वार्षिक’ हे विशेषण तिला खऱ्या अर्थाने लागू पडते ते १९६९–७० पासून. १९५९ मध्ये गॉथनबर्गच्या रेडबर्ग्सलिड क्लबाने हेल्सिंगॉरवर मात करून चषक जिंकला आणि १९६० व १९६२ मध्ये तो ग्योपिंगेनने मिळविला. रेडबर्ग्सलिडचा हा विजय स्कँडिनेव्हियाचा आजवरचा एकमेव विजय ठरला आहे. डेन्मार्कच्या क्लबांनी १९५९, १९६०, १९७६, २०२१ व २०२४ अशी पाच वेळा अंतिम फेरी गाठली. परंतु खेळाच्या या जन्मभूमीकडे पुरुषांचा हा चषक २०२५ पर्यंत एकदाही गेलेला नाही.

साठोत्तरी काळात स्पर्धेचे चित्र पालटले. १९६३ मध्ये डूक्ला प्राग, १९६५ मध्ये दिनामो बूकारेस्ट, १९६६ मध्ये लाइपसिकच्या क्रीडा महाविद्यालयाचा संघ, १९६८ मध्ये स्तेआउआ बूकारेस्ट असे पूर्व यूरोपातील संघ विजेते ठरू लागले. यांतील डूक्ला व स्तेआउआ हे सैन्यदलाचे संघ, तर दिनामो हा गृहखात्याचा. पुढे नावारूपास आलेले हंगेरीचा होन्व्हेद, पूर्व जर्मनीचा फोरव्हेर्ट्‌स, मॉस्कोचा सेएसका व मिन्स्कचा एसका हेही सैन्याचेच. १९७३ चा विजेता मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेचा संघ होता. या संघांतील खेळाडू कागदोपत्री सैनिक, पोलीस वा विद्यार्थी असत. प्रत्यक्षात त्यांचा दिवस सरावातच जाई. सेनादल, रेल्वे व पोलीस यांच्या संघांतून खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंची स्थिती याहून फारशी भिन्न नाही. नोकरीची हमी आणि खेळायला मोकळीक, हा तो व्यवहार. ऑलिंपिकच्या हौशीपणाच्या नियमांना बगल देण्याची ही युक्ती म्हणून पश्चिमेकडे तिच्यावर टीका झाली. टीका रास्त होती, पण अपुरी होती. हौशी म्हणविणाऱ्या पश्चिमेकडील खेळाडूंना नोकरी देणारे कारखानदार आणि दुकानदारही क्लबाच्या कार्यकारिणीतच बसत असत.

या काळातील पश्चिमेचे उत्तर म्हणजे गुमर्सबाख. कोलोनच्या पूर्वेस डोंगराळ भागातील सु. पन्नास हजार वस्तीच्या या गावाने १९६७, १९७०, १९७१, १९७४ व १९८३ असा पाच वेळा चषक जिंकला. गावातील क्रीडागृह मोठ्या सामन्यांना पुरेसे नसल्याने क्लब ते सामने डॉर्टमुंडच्या वेस्टफालेन सभागृहात खेळे आणि प्रेक्षक तेथवर जात. संघाचा प्रमुख फेकीबहाद्दर हान्सी श्मिट हा रूमानियातील बनात प्रांतात, जर्मनभाषक कुटुंबात १९४२ मध्ये जन्मला. स्तेआउआ या लष्करी क्लबाकडून तो खेळत असे. १९६३ मध्ये संघाबरोबर पश्चिम जर्मनीत आला असता तो मायदेशी परतला नाही. बचावफळी अद्याप त्याच्या झेपेची वाट पाहत असताना चेंडू हातातून सोडण्याची त्याची लकब प्रतिस्पर्ध्यांना चकवून जाई. १९७१ च्या अंतिम सामन्यात गुमर्सबाखने नेमक्या स्तेआउआलाच १७–१६ असे हरविले. एका गोलाचे हे अंतर शीतयुद्धातील जय-पराजय म्हणून मिरविण्याचा मोह त्या वेळच्या वृत्तपत्रांना झाला असल्यास नवल नाही. हा चषक ही पूर्व व पश्चिम यूरोपची माणसे नियमितपणे एकमेकांच्या गावी जाण्याची त्या काळातील मोजक्या निमित्तांपैकी एक होती, हे मात्र निर्विवाद.

स्पर्धेचा सर्वांत रम्य कालखंड सत्तरीतला व ऐंशीच्या पूर्वार्धातला मानावा लागेल. कारण त्यात राजधान्यांपेक्षा लहान गावेच अधिक चमकली. यूगोस्लाव्हियातील (आताच्या क्रोएशियातील) ब्येलोव्हार हे शेतीबागायतीच्या प्रदेशातील एक बाजारपेठेचे गाव. तेथील पार्टिझान क्लबाने १९७२ मध्ये गुमर्सबाखचा १९–१४ असा पराभव करून चषक नेला. त्याच वर्षी म्यूनिक येथे बंदिस्त हँडबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला आणि तेथे सुवर्णपदक मिळविणाऱ्या यूगोस्लाव्ह संघाचा नायक ऱ्हव्होये होर्व्हात हा ब्येलोव्हारचाच होता. १९७६ मध्ये बोस्नियातील बान्यालूकाचा बोरात्स क्लब विजेता ठरला. त्याहून आश्चर्याची गोष्ट ग्रोसवालश्टाटची. माइन नदीकाठचे हे जेमतेम चार हजार वस्तीचे बव्हेरियन खेडे. तेथील व्यायाम मंडळाने १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे चषक जिंकला. १९८० च्या अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी होता आइसलँडच्या रेक्याव्हीकचा व्हालूर क्लब, म्हणजे एका खेड्याची गाठ एका लहानशा बेटराष्ट्राशी पडली. म्यूनिकच्या ऑलिंपिक सभागृहातील हा सामना खेड्याने २१–१२ असा जिंकला.

या मालिकेतील शेवटचे आणि कदाचित सर्वांत गुणी नाव मेटॅलोप्लास्तिका या क्लबाचे. सर्बियातील साव्हा नदीकाठच्या शाबात्स येथील धातू व प्लास्टिकच्या वस्तू बनविणाऱ्या कारखान्याचे नाव या संघाने धारण केले होते. व्हेसेलिन व्हूयोव्हिच, मिले इसाकोव्हिच आणि गोलरक्षक मिर्को बाशिच यांच्या या संघाने १९८४ मध्ये अंतिम फेरी गाठली. डूक्ला प्रागविरुद्धच्या दोन सामन्यांतील गोल समसमान झाले व निर्णय सात मीटरवरील दंडफेकींवर गेला. त्यात तो हरला. पुढील दोन्ही वर्षी, १९८५ व १९८६ मध्ये, त्याने चषक जिंकला. कारखान्याच्या नावाने खेळणारा संघ ही मराठी वाचकाला नवलाची गोष्ट नाही. कबड्डीच्या स्पर्धांत महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया अशा आस्थापनांचे संघ ‘व्यावसायिक गटा’त खेळत आलेले आहेत. फरक इतकाच, की महाराष्ट्रात स्थानिक मंडळात घडलेला खेळाडू नोकरी लागताच आस्थापनेच्या संघात जातो आणि मंडळाचा हात रिकामा राहतो. शाबात्सला मंडळ आणि कारखाना ही दोन नव्हती.

१९८७ ते १९९० या चार वर्षांत चषक सोव्हिएट संघराज्याबाहेर गेला नाही. प्रशिक्षक स्पार्टाक मिरोनोव्हिच यांच्या मिन्स्कच्या लष्करी संघाने तो १९८७, १९८९ व १९९० मध्ये जिंकला, तर १९८८ मध्ये मॉस्कोच्या सेएसकाने. मिन्स्कच्या खेळातील वेगवान चढाया आणि पुढे सरसावून केलेला बचाव यांचा प्रभाव पुढील पिढीच्या खेळावर पडलेला दिसतो. परंतु ज्या राज्यव्यवस्थेने हे संघ पोसले, तिचा पायाच त्या वेळी खचत होता. व्हूयोव्हिच १९८८ मध्येच बार्सेलोनास गेला होता आणि १९९१ मध्ये त्या क्लबाने आपला पहिला यूरोपीय चषक मिळविला. मिन्स्कचा मिखाइल याकिमोव्हिच स्पेनमधील सांतांदेरच्या टेका क्लबात दाखल झाला व १९९४ मध्ये त्या क्लबाबरोबर विजेता ठरला. खेळाडूंच्या या स्थलांतराचा मार्ग पाहिला, तरी त्या वर्षांतील यूरोपचा राजकीय नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. १९९२ व १९९३ मध्ये विजयी झालेला झाग्रेबचा क्लब तर अशा देशाचा होता, जो आदल्याच वर्षी स्वतंत्र झाला होता आणि ज्याच्या भूमीवर युद्ध चालू होते.

१९९१ च्या नोव्हेंबरात बर्लिन येथे यूरोपीय हँडबॉल महासंघ स्थापन झाला. व्हिएन्ना येथे कार्यालय असलेल्या या संस्थेने आंतरराष्ट्रीय महासंघाकडून क्लब-स्पर्धा आपल्या हाती घेतल्या आणि १९९३–९४ पासून निव्वळ बाद पद्धतीऐवजी साखळी व बाद अशा मिश्र पद्धतीने ‘चॅम्पियन्स लीग’ सुरू केली. हा बदल दिसतो तितका तांत्रिक नव्हता. बाद पद्धतीत एखादे खेडे दोन संध्याकाळी जीव ओतून खेळले, तर राजधानीला घरी पाठवू शके. साखळीत महिनोन्‌महिने, दर आठवड्याला प्रवास करीत खेळावयाचे, तर मोठा ताफा, वैद्यकीय पथक आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न यांवाचून निभाव लागत नाही. ग्रोसवालश्टाट किंवा ब्येलोव्हार यांसारखे नाव त्यानंतर विजेत्यांच्या यादीत आढळत नाही, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

नव्या व्यवस्थेचे पहिले लाभार्थी स्पॅनिश क्लब ठरले. १९९४ ते २००१ हे आठही अंतिम सामने स्पॅनिश क्लबांनी जिंकले. त्यांपैकी १९९६ ते २००० हे सलग पाच विजय व्हालेरो रिव्हेरा यांच्या मार्गदर्शनाखालील बार्सेलोनाचे. बार्सेलोनाची एकूण विजेतेपदे २०२४ अखेर बारा झाली व इतर कोणताही क्लब या संख्येच्या जवळपास नाही. तो सभासदांच्या मालकीचा अनेक खेळांचा क्लब आहे आणि त्याच्या फुटबॉलच्या उत्पन्नातून हँडबॉल चालतो, हे येथे लक्षात ठेवावे लागते. खेळाडूंच्या बाजारपेठेलाही याच सुमारास कायद्याने वाट मोकळी झाली. १९९५ च्या बॉस्मन निर्णयाने यूरोपीय संघातील खेळाडूंवरील बंधने दूर केली. स्लोव्हाकियाचा मारोश कोल्पाक हा जर्मनीतील दुसऱ्या श्रेणीच्या क्लबाचा हँडबॉल गोलरक्षक. यूरोपीय संघाबाहेरील पण संघाशी सहकार्य करार असलेल्या देशांच्या खेळाडूंवर संख्येची मर्यादा असू नये, असा निर्णय त्याने २००३ मध्ये यूरोपीय न्यायालयाकडून मिळविला. इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटमध्ये दक्षिण आफ्रिकेचे अनेक खेळाडू पुढे ‘कोल्पाक खेळाडू’ म्हणून ओळखले गेले. हे नाव उच्चारणाऱ्या क्रिकेटरसिकांपैकी किती जणांना तो हँडबॉलचा गोलरक्षक होता हे ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

२०१० पासून स्पर्धेची उपांत्य व अंतिम फेरी कोलोन येथे एकाच ठिकाणी, दोन दिवसांत खेळविण्यात येते. त्यापूर्वी अंतिम फेरी दोन्ही क्लबांच्या गावी एकेक सामना अशी होई. कोलोनचे सु. वीस हजार आसनांचे क्रीडागृह या दोन दिवसांत भरून जाते. येथील सर्वांत संस्मरणीय सामना २०१६ चा. हंगेरीच्या व्हेस्प्रेम क्लबाकडे सामना संपण्यास सु. पंधरा मिनिटे उरली असता नऊ गोलांची आघाडी होती. पोलंडच्या किएल्ट्से क्लबाने ती पुसून टाकली, जादा वेळेतही बरोबरी साधली आणि दंडफेकींवर चषक जिंकला. व्हेस्प्रेम २००२, २०१५, २०१६ व २०१९ असा चार वेळा अंतिम सामन्यात हरला आहे. पॅरिसच्या पीएसजी क्लबाने कतारी मालकीखाली अपार द्रव्य खर्चूनही २०१७ च्या अंतिम सामन्यात त्याला मॅसिडोनियाच्या व्हार्दारपुढे २४–२३ असे नमावे लागले. फ्रान्सचे दोन्ही विजय, २००३ व २०१८ चे, माँपेल्ये या क्लबाच्या नावावर आहेत.

द्रव्याने विजय मिळतो, पण संस्था टिकत नाही, असा निष्कर्ष काढण्यास या पर्वाने भरपूर आधार पुरविला आहे. १९९४ चा विजेता सांतांदेरचा क्लब २००८ मध्ये विसर्जित झाला. २००६, २००८ व २००९ मध्ये जिंकणारा सिउदाद रेआल २०११ मध्ये माद्रिदला हलविला गेला आणि २०१३ मध्ये बंद पडला. त्याच २०१३ चा विजेता हॅम्बर्ग अवघ्या अडीच-तीन वर्षांत दिवाळखोर होऊन हंगामाच्या मध्यावर लीगमधून बाहेर पडला. या तिन्ही ठिकाणी संघाचा आधार पुरस्कर्ता किंवा एखादी धनिक व्यक्ती होती व तो आधार निघताच इमारत कोसळली. याउलट गुमर्सबाख २०१९ मध्ये जर्मनीच्या पहिल्या श्रेणीतून खाली घसरला, तीन वर्षे दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि २०२२ मध्ये परत वर आला. तेथे पडायला तळ होता. अर्थात ही मांडणी फार ताणता येणार नाही. जुन्या मंडळांचे व्यावसायिक संघही आता मर्यादित कंपन्या म्हणून नोंदविलेले आहेत, त्यांनाही पुरस्कर्ते लागतात आणि ग्रोसवालश्टाटला सभासद होते म्हणून त्याचे वैभव टिकले असे घडलेले नाही.

माग्डेबर्गचे उदाहरण या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचे व म्हणून अधिक उद्बोधक आहे. १९७८ व १९८१ मध्ये या क्लबाने पूर्व जर्मनीच्या सरकारी क्रीडाव्यवस्थेतील क्लब म्हणून चषक जिंकला. १९९० मध्ये ते राज्यच उरले नाही आणि त्याच्याबरोबर तेथील बहुतेक मोठे क्लब विस्कटले. माग्डेबर्ग टिकला. २००२ मध्ये आइसलँडचे अल्फ्रेड गिस्लासोन प्रशिक्षक असताना चॅम्पियन्स लीग जिंकणारा तो पहिला जर्मन क्लब ठरला. २०२३ मध्ये किएल्ट्सेवर जादा वेळेत ३०–२९ आणि २०२५ मध्ये बर्लिनच्या फ्युक्सेवर ३२–२६ असे विजय मिळवून त्याने गुमर्सबाखच्या पाच विजेतेपदांशी बरोबरी साधली. दोन भिन्न राज्यव्यवस्थांत हा चषक मिळविणारा दुसरा जर्मन क्लब नाही. 

यूरोपबाहेर या नमुन्यावर आखलेल्या स्पर्धा उशिरा आल्या. खंडोखंडीच्या विजेत्या क्लबांची जागतिक स्पर्धा १९९७ मध्ये, तर आशियाई क्लबांची स्पर्धा १९९८ मध्ये सुरू झाली. आशियातील स्पर्धेवर आखाती देशांच्या क्लबांचे वर्चस्व राहिले आहे. तेथील क्लब सरकारी व राजघराण्यांच्या आश्रयाने चालतात. भारताचा मार्ग याहून निराळा. १९७२ मध्ये भारतीय हँडबॉल महासंघ स्थापन झाला व त्याच वर्षी हरयाणातील रोहतक येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत हरयाणा विजेता व विदर्भ उपविजेता ठरला. क्रिकेटप्रमाणेच येथेही विदर्भाचे वेगळे अस्तित्व होते; ज्या अमरावतीचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला गेले, तिचा प्रदेश अशा रीतीने भारतीय हँडबॉलच्या पहिल्याच पानावर आला. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांत हँडबॉलचा प्रथमच समावेश झाला. सुवर्णपदक चीनने मिळविले. ही सारी रचना राज्य संघटना, सेनादल, रेल्वे, विद्यापीठे व शाळा यांच्या संघांवर उभी आहे. तीत क्लबाला स्थान नाही. कबड्डी व खो-खो खेळाडूंच्या मंडळांतून वर चढत राष्ट्रीय संघटनेपर्यंत पोचले. हँडबॉल संघटनेकडून खाली शाळेपर्यंत उतरला आणि गल्लीतल्या मंडळापर्यंत पोचण्यापूर्वीच थांबला.

२०२३ च्या जूनमध्ये जयपूर येथे प्रीमियर हँडबॉल लीग ही सहा संघांची व्यावसायिक स्पर्धा प्रथम भरली. अंतिम सामन्यात महाराष्ट्र आयर्नमेन संघाने गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश संघाचा ३८–२४ असा पराभव केला. महाराष्ट्राच्या नावाने खेळणाऱ्या संघाचे हे यश मोठेच. परंतु हा संघ मालकाने उभारलेला, देशी-परदेशी खेळाडू करारावर घेतलेला आणि साऱ्या स्पर्धेचे सामने एकाच परगावी खेळलेला होता. सभासद, स्वतःचे क्रीडागृह आणि लहान मुलांची पथके या ज्या तीन गोष्टी यूरोपात क्लब या शब्दाने सूचित होतात, त्यांपैकी एकही अशा संघाला अपरिहार्य नसते.

नाशिकसारख्या शहरात या तिन्ही गोष्टी आहेत, पण विखुरलेल्या. व्यायामशाळांना सभासद आहेत आणि त्या मल्लखांब, व्यायामी खेळ व कबड्डी यांत रमलेल्या आहेत. पंचवटीतील विभागीय क्रीडा संकुलात बंदिस्त क्रीडागृह आहे. हँडबॉल खेळणारी मुले शाळांत आहेत. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धांत हा खेळ समाविष्ट असल्याने ती जिल्हा, विभाग व राज्य या पायऱ्या चढतात. एकोणीस वर्षांखालील गट ही त्यांतील शेवटची पायरी. त्यानंतर काही जण विद्यापीठाच्या संघात दोन-तीन वर्षे काढतात, थोडे सेनादलात वा पोलिसांत भरती होऊन तेथील संघांत जातात. गुमर्सबाखला याच वयाचा मुलगा संध्याकाळी त्याच क्लबाच्या मोठ्यांच्या संघाबरोबर सरावास उभा राहतो.